आपल्याला वगळले की का दुखते?

शाळेचे स्नेहसंमेलन नुकतेच आटोपले आहे. बक्षिसे वाटून झाली, रंगमंचावरचा पडदा पडला आणि मैदानावर अल्पोपाहार सुरू झाला. हातात बटाटेवड्याची बशी घेऊन तुम्ही आपल्या मित्रांना शोधता. ते एका कोपऱ्यात घोळका करून उभे आहेत. तुम्ही जवळ जाता, पण कोणी वळून पाहत नाही. कसल्याशा गमतीवर सगळे खो खो हसतात. गंमत काय ते तुम्हाला कळलेले नसते, तरी तुम्हीही थोडेसे हसता. दोन मिनिटे त्यांच्या पाठींकडे पाहत उभे राहिल्यावर पाणी प्यायचे निमित्त काढून तुम्ही तिथून निघता. वडा तोच असतो, पण आता त्याची चव लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, असा अनुभव ज्याला कधीच आला नाही असा माणूस सापडणे कठीण. पण आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा घडले काय याची तटस्थपणे नोंद करून पाहू या. कोणी तुम्हाला मारले नाही. कोणी अपशब्द वापरला नाही. तुमची कोणतीही वस्तू हरवली नाही. पाहायला गेले तर काहीच घडले नाही. मग छातीत काहीतरी टोचल्यासारखे का होते? आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही तोच प्रसंग डोळ्यांपुढे का येतो?

या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत पुष्कळ प्रयोग केले आहेत. त्यांतून हाती आलेली माहिती मनोरंजक आहेच, शिवाय रोजच्या वागण्यात उपयोगी पडणारीही आहे.

बागेतली फ्रिसबी

किपलिंग विल्यम्स हे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९८० च्या दशकातली गोष्ट. ते आपल्या कुत्र्याला घेऊन एका बागेत बसले होते. जवळच दोन अनोळखी माणसे फ्रिसबी, म्हणजे फेकून झेलायची प्लॅस्टिकची थाळी, खेळत होती. ती थाळी विल्यम्स यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, तेव्हा त्या दोघांनी ती पुन्हा त्यांच्याकडे टाकली. अशा रीतीने तिघांचा खेळ सुरू झाला. काही मिनिटांनी मात्र त्या दोघांनी काही न बोलता थाळी आपापसांतच फेकायला सुरुवात केली. विल्यम्स थोडा वेळ वाट पाहत उभे राहिले आणि मग मागे फिरले. ती माणसे त्यांच्या ओळखीचीही नव्हती, तरी आपल्याला किती वाईट वाटले, याचे त्यांना नवल वाटले.

इथे शास्त्रज्ञाची दृष्टी कामी आली. वगळले जाण्याचा परिणाम तपासायला हा खेळ फार सोयीचा आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आधी प्रयोगशाळेत खऱ्या चेंडूने हा खेळ करून पाहिला आणि पुढे त्याचे संगणकावरचे रूप तयार केले. त्याचे नाव ‘सायबरबॉल’. पडद्यावर तीन आकृत्या दिसतात. त्यांतली एक तुमची. बाकीच्या दोघांना कुठेतरी दुसरीकडे बसलेली माणसे खेळवीत आहेत, असे तुम्हाला सांगितले जाते. प्रत्यक्षात चेंडू कोणाकडे जायचा हे संगणकच ठरवतो. सुरुवातीला एकदोनदा चेंडू तुमच्याकडे येतो. मग येणे बंद होते. बाकीचे दोघे एकमेकांकडे फेकत राहतात आणि तुम्ही पाहत राहता. सगळा खेळ अवघ्या काही मिनिटांचा.

विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध केला. इंटरनेटवरून ६२ देशांतल्या १,४८६ लोकांनी त्यात भाग घेतला होता. ज्यांना चेंडू मिळेनासा झाला, त्यांना वाईट वाटले. चार गोष्टींना धक्का बसल्याचे अशा प्रयोगांत वारंवार दिसते : आपण यांच्यातले आहोत ही भावना, स्वतःविषयीचा मान, परिस्थिती आपल्या हातात आहे ही खात्री, आणि आपल्या असण्याला काही अर्थ आहे हा विश्वास. एका लुटुपुटीच्या चेंडूने एवढे सगळे डळमळते!

कोणी म्हणेल, त्यांना ती खरी माणसे वाटली म्हणून वाईट वाटले. ही शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनी तीही तपासली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना आधीच सांगून टाकले, की तुमच्याबरोबर माणसे नाहीत, संगणकच खेळणार आहे. तरीही चेंडू मिळेनासा झाल्यावर त्यांना वाईट वाटलेच. २००६ साली आणखी एक गंमत करून पाहिली. चेंडू मिळाला की पैसे कापले जातील, असा नियम ठेवला. म्हणजे वगळले जाण्यात फायदा होता. तरी वगळले गेलेले लोक खट्टूच झाले. पुढच्याच वर्षी असे दिसले, की ज्या संघटनेचा आपल्याला मनापासून तिटकारा आहे, तिच्या लोकांनी वगळले तरीही वाईट वाटते.

या साऱ्याचा अर्थ काय? वगळले जाण्याचे पहिले दुःख विचार करून होत नाही. ते विचाराच्या आधीच येते. गरम तव्याला बोट लागले की ‘हा तवा किती तापला असेल बरे?’ असा विचार आपण करत नाही. हात आपोआप मागे येतो. त्यातलाच हा प्रकार आहे.

मेंदूत काय घडते?

२००३ साली नेओमी आयझेनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि विल्यम्स यांनी सायबरबॉल खेळणाऱ्या माणसांच्या मेंदूचे चित्रण केले. यासाठी एफएमआरआय नावाचे यंत्र वापरतात. मेंदूचा जो भाग अधिक काम करतो तिथे रक्ताचा पुरवठा वाढतो, आणि हा फरक ते यंत्र टिपते. मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या आतल्या बाजूला, मधोमध, कमानीच्या आकाराचा एक पट्टा असतो. त्याच्या पुढच्या भागाला अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स म्हणतात. शरीराला दुखापत झाली की त्या दुखण्याचा जो त्रास वाटतो, त्याच्याशी या भागाचा संबंध आहे. चेंडू मिळेनासा झाल्यावर नेमका हाच भाग अधिक सक्रिय झालेला आढळला. ज्यांना जास्त वाईट वाटले, त्यांच्यात हा परिणामही जास्त होता.

यावरून ‘मन दुखणे आणि बोट दुखणे मेंदूच्या लेखी एकच’ असे वाक्य जगभर प्रसिद्ध झाले. पण इथे जरा थांबायला हवे. त्या प्रयोगात फक्त १३ माणसे होती. शिवाय मेंदूचा हा भाग इतरही अनेक प्रसंगी सक्रिय होतो. उदाहरणार्थ, अपेक्षेविरुद्ध काही घडले तर. २०१४ साली झालेल्या एका अधिक बारकाव्याच्या अभ्यासात असे आढळले, की शारीरिक वेदना आणि नाकारले गेल्याचे दुःख या दोन्हींत मेंदूचे तेच भाग उजळत असले, तरी त्या भागांतल्या हालचालींचे नमुने वेगवेगळे असतात. एकाच तबल्यावर दोन निराळे ताल वाजावेत, तसे. म्हणून इतकेच म्हणणे योग्य होईल, की वगळले जाण्याचे दुःख हे मनाचे खेळ नव्हेत. मेंदूत खरोखर काहीतरी घडते, आणि त्याचे वेदनेशी काही नाते आहे. ते नाते नेमके किती जवळचे, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे.

राखणीचा कुत्रा

निसर्गाने ही टोचणी आपल्याला कशासाठी दिली असेल?

माणसाचे मूल जन्मतः फार दुबळे असते. वासरू जन्मल्यावर तासाभरात उभे राहते. माणसाच्या मुलाला आपल्या पायांवर चालायला वर्षभर लागते. एवढा काळ कोणीतरी जवळ असल्याशिवाय ते जगूच शकत नाही. मोठेपणीही माणूस एकट्याने शिकार करणारा वाघ नव्हे. लाखो वर्षे तो टोळीत राहिला. अन्न, राखण, आजारपणातली सेवा हे सगळे टोळीतूनच मिळाले. टोळीपासून तुटलेला माणूस फार काळ वाचत नसे. अशा जीवनात, आपण सोबत्यांपासून तुटत आहोत याची लवकर सूचना देणारी एखादी घंटा मनात असणे लाभाचे होते.

ही घंटा प्राण्यांतही ऐकू येते. कुत्रीपासून दूर केलेले पिल्लू कसे केविलवाणे कुंईकुंई करते ते तुम्ही ऐकले असेल. याक पॅंकसेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली असे दाखवले, की अफूपासून मिळणाऱ्या वेदनाशामक औषधाची अगदी थोडी मात्रा दिली तर अशा पिल्लांचे रडणे कमी होते. वेदना शमवणाऱ्या रसायनाने ताटातूटही सुसह्य व्हावी, हा या दोन्हींच्या नात्याचा एक जुना पुरावा मानला जातो.

आता शेतावरच्या राखणीच्या कुत्र्याची कल्पना करा. तो चोरावर भुंकतो, पण पोस्टमनवरही भुंकतो आणि वाऱ्याने हललेल्या फांदीवरही. त्याच्यावर रागावून उपयोग नाही. दहादा उगाच भुंकल्याने थोडी झोपमोड होते. पण एकदा चोर आला असता गप्प बसला तर धान्य जाते. म्हणून राखणीचा कुत्रा जरा जास्तच भुंकणारा असतो. आपल्या मनातली घंटाही अशीच आहे. ती लवकर वाजते, जोरात वाजते आणि पुष्कळदा उगाचच वाजते. ‘काहीतरी तुटते आहे’ एवढेच ती सांगते. ते का तुटते आहे, हे तिला कळत नाही. कारण शोधण्याचे काम आपण करायचे असते, आणि इथेच आपण बहुधा घाई करतो. ‘मी त्यांना आवडत नाही’ हे पहिले उत्तर आपल्याला सुचते. पण याहून अगदी निराळी उत्तरेही असू शकतात. त्यांतले एक तर चक्क भूमितीचे आहे.

वर्तुळाची भूमिती

उभ्याने गप्पा मारणारी माणसे कशी उभी राहतात ते नीट पाहा. दोघे असले तर समोरासमोर किंवा जरा तिरपे. चौघे असले तर वर्तुळात. १९७० च्या दशकात ॲडम केंडन या अभ्यासकाने अशा रचनांचा बारकाईने अभ्यास केला. बोलणाऱ्यांच्या मध्ये एक मोकळी जागा तयार होते, आणि सर्वांची तोंडे तिच्याकडे असतात. साहजिकच सर्वांच्या पाठी बाहेरच्या बाजूला होतात. तुमच्याकडे पाठ झाली ती तुमचा राग येऊन नव्हे. वर्तुळाला आतली बाजू असली की बाहेरची बाजूही असतेच.

असे वर्तुळ किती मोठे होऊ शकते? रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोजनगृहासारख्या ठिकाणी आपोआप जमणारे गप्पांचे गट मोजले. त्यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. एका संभाषणात खऱ्या अर्थाने सामील असलेल्या माणसांची संख्या साधारण चारच्या वर जात नाही, असे त्यांना आढळले. पाचवा, सहावा माणूस आला की गट फुटून दोन गप्पा सुरू होतात, किंवा कोणीतरी नुसता ऐकणारा होऊन बसतो.

असे का, ते थोड्या गणिताने पाहू. एका माणसाला उभे राहायला अर्धा मीटर रुंदी लागते असे धरा. चौघांच्या वर्तुळाचा परीघ २ मीटर, म्हणजे व्यास सुमारे ०.६४ मीटर होतो. आठ जणांच्या वर्तुळाचा परीघ ४ मीटर आणि व्यास सुमारे १.२७ मीटर. समोरच्या माणसाचे अंतर दुप्पट झाले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते. स्नेहसंमेलनाच्या गोंगाटात एवढा क्षीण आवाज कसा ऐकू येणार? आणि जो वर्तुळाच्या बाहेर, बोलणाऱ्याच्या पाठीमागे उभा आहे, त्याची स्थिती तर याहून वाईट. बोलणाऱ्याचे तोंड दुसरीकडे असते, आणि शब्द स्पष्ट करणारे वरच्या पट्टीचे ध्वनी मुख्यतः तोंडासमोरच जातात. गंमत कळली नाही, ती यामुळे.

दुसरे गणित जोड्यांचे. दोन माणसांत एकच जोडी होते. चार माणसांत जोड्या होतात ६, पाचांत १० आणि आठांत २८. कोण कोणाशी बोलतो आहे, कोणाला काय वाटले, कोण काय म्हणाला, हे सगळे ध्यानात ठेवणे माणसे वाढतात तसे झपाट्याने अवघड होत जाते.

आता समजा, नऊ मैत्रिणी एका वाढदिवसाला जमल्या. चौघींच्या गप्पा एका बाजूला रंगल्या, चौघींच्या दुसऱ्या बाजूला. उरली किती? एक! त्या आठ जणींपैकी कोणाच्याही मनात काही वाईट नव्हते. कोणी ठरवून काही केले नाही. तरी एक जण भिंतीशी उभी राहिली, आणि तिच्या मनातली घंटा वाजू लागली.

गट नेहमी बरोबर चारचेच होतात असे नाही, हे खरे. पण एकटे पडण्यामागे अशी साधी कारणेही असतात, हे ओळखणे महत्त्वाचे आहे.

आपल्यावर खिळलेले डोळे

घंटा वाजली की दुसरी एक चूक घडते. आपण एकटे उभे आहोत हे सगळ्यांना दिसते आहे, असे वाटू लागते. म्हणून आपण उगाच फोन काढून त्यात पाहत राहतो किंवा काहीतरी काम असल्याचा आव आणतो.

टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली याबाबतचा एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एका गायकाचे ठसठशीत चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालायला दिला आणि इतर मुले बसली होती त्या खोलीत पाठवले. बाहेर आल्यावर विचारले, ‘किती जणांनी तुझ्या टीशर्टवरचे चित्र पाहिले असेल?’ जवळजवळ निम्म्या जणांनी, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांच्याच ते लक्षात आले होते.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने असे दाखवले, की दोन अनोळखी माणसे बोलून वेगळी झाल्यावर प्रत्येकाला वाटते, ‘मी काही त्याला फारसा आवडलो नसेन.’ प्रत्यक्षात समोरच्याला तो त्याच्या अंदाजापेक्षा अधिक आवडलेला असतो. लोकांच्या मनातले आपले स्थान आपण पुष्कळदा कमी लेखतो.

या माहितीला दोन बाजू आहेत. एक दिलाशाची : तुमची फजिती इतरांना तुम्हाला वाटते तेवढी दिसत नाही. दुसरी विचार करायला लावणारी : तुम्ही एकटे पडला आहात, हेही त्यांना दिसत नाही. म्हणजे, जो मित्र ‘माझ्याकडे दुर्लक्ष करतो आहे’ असे तुम्हाला वाटते, त्याला पुष्कळदा तुम्ही तिथे आहात हेच कळलेले नसते. आणि तुम्ही वर्तुळाच्या आत हसत असता, तेव्हा तुमच्या पाठीमागे कोण उभे आहे, हे तुम्हालाही कळलेले नसते.

जेव्हा चोर खरेच येतो

पण प्रत्येक वेळी कुत्रा उगाचच भुंकतो असे समजणेही चूक आहे. मुद्दाम वगळणे हे माणसाचे फार जुने हत्यार आहे. प्राचीन अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात नागरिक मडक्याच्या खापरीवर नको असलेल्या माणसाचे नाव कोरून मत देत आणि त्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवीत. खापरीला ते ‘ऑस्ट्राकॉन’ म्हणत. बहिष्कारासाठीचा ‘ऑस्ट्रॅसिझम’ हा इंग्रजी शब्द त्यावरूनच आला. आपल्या भाषेत तर यासाठी शब्दांची वाण नाही : वाळीत टाकणे, पंक्तीतून उठवणे, हुक्कापाणी बंद करणे. जातीच्या नावाखाली माणसांना पंगतीबाहेर आणि पाणवठ्याबाहेर ठेवण्याचा आपला इतिहास मोठा आहे. जातपंचायतींनी कुटुंबांना वाळीत टाकण्याचे प्रकार थांबावेत म्हणून महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला आणि २०१७ पासून तो अमलात आहे. बहिष्कार हा आता आपल्या राज्यात गुन्हा आहे.

शाळेतली कट्टी ही अर्थात एवढी गंभीर नसते. सकाळी करंगळीने केलेली कट्टी दुपारी डब्यातल्या लोणच्यावर मिटते. पण तीच कट्टी सगळ्या वर्गाने ठरवून एकाशीच, रोज आणि महिनोन्महिने केली, तर तो छळच होय. मग त्याचे निमित्त जात असो, बोलण्यातला अडखळा असो, घरची गरिबी असो किंवा आणखी काही. दीर्घकाळ वगळले गेलेले माणूस हळूहळू हताश होते, प्रयत्न करणे सोडून देते.

मग अपघाताने एकटे पडणे आणि ठरवून वगळले जाणे, यांतला फरक ओळखायचा कसा? तीन प्रश्न विचारून पाहा. हे एकदाच घडले, की वारंवार घडते? मी जवळ जाऊन बोललो तर जागा होते, की गप्पा थांबतात? एकेकटे भेटल्यावर तीच मुले नीट बोलतात, की तेव्हाही तोंड फिरवतात? उत्तरे वाईट आली तर दोष तुमचा नव्हे. मोकळेपणाने आईवडिलांना किंवा विश्वासाच्या शिक्षकांना सांगा. अशा वेळी सांगणे म्हणजे चुगली नव्हे.

उपाय कोणाच्या हाती?

पहिली टोचणी टाळता येत नाही, ती येणारच. तिच्यानंतरचे वागणे मात्र आपल्या हाती असते. वगळले गेल्यावर काही माणसे इतरांना खूश करायला धडपडतात, तर काही चिडून तुटक बोलतात, असे प्रयोगांत दिसते. चिडलेल्या चेहऱ्याजवळ कोणी येत नाही, आणि मग आपला संशय खराच होता असे वाटू लागते. म्हणून, घंटा वाजली की लगेच निकाल देऊ नका. आठ जणांच्या मोठ्या वर्तुळात घुसण्याऐवजी दोघा-तिघांचा लहान गट शोधा; तिथे जोड्या कमी असतात आणि जागा लवकर होते. किंवा जो दुसरा कोणी एकटा उभा आहे, त्याच्याशी बोला. नऊ मैत्रिणींच्या हिशेबात एक उरते, पण साऱ्या शाळेच्या संमेलनात असे ‘एक’ पुष्कळ असतात. मित्रांनी तुम्हाला न बोलावता सहल काढली आणि तिची छायाचित्रे फोनवर दिसली, तर चार दिवस कुढण्यापेक्षा एखाद्या जवळच्या मित्राला सरळ विचारणे बरे.

मात्र खरी किल्ली वर्तुळाच्या आत असलेल्याकडे असते. बाहेरच्याने आत यायला धैर्य लागते. आतल्याने जागा करायला फक्त अर्धे पाऊल मागे सरावे लागते. ‘ये ना, आम्ही कालच्या सामन्याबद्दल बोलत होतो,’ एवढ्या एका वाक्यात जागाही होते आणि गंमत कशाची चालली आहे तेही कळते. सायबरबॉलच्या भाषेत बोलायचे तर तुम्ही त्याच्याकडे चेंडू टाकलेला असतो.

शिक्षकांसाठीही इथे काही आहे. १९३० च्या दशकात जेकब मोरेनो यांनी न्यूयॉर्कमधल्या शाळकरी मुलांना ‘शेजारी कोण बसलेले आवडेल?’ असे विचारून निवडींचे नकाशे काढले. प्रत्येक वर्गात कोणीच न निवडलेली काही मुले असल्याचे त्यांत दिसले. असा नकाशा शिक्षकांनी मुलांना कधीही दाखवू नये. पण ‘दोन कप्तानांनी आपापले गडी निवडा’ असे सांगताना शेवटी उरणाऱ्या मुलाची आठवण जरूर ठेवावी. चिठ्ठ्या टाकूनही संघ पाडता येतात. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात एलियट ॲरन्सन यांनी आणखी एक युक्ती काढली. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुले नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तेढ होती. ॲरन्सन यांनी मुलांचे लहान गट केले आणि धड्याचा एकेक भाग एकेका मुलाला दिला. त्याने तो गटाला समजावून सांगितल्याशिवाय कोणालाच धडा पुरा होणार नाही. मग ज्याच्याशी कोणी बोलत नसे, त्याचेही म्हणणे सर्वांना लक्ष देऊन ऐकावे लागले.

करून पाहा

मधल्या सुट्टीत किंवा एखाद्या समारंभात एका जागी उभे राहा. दर पाच मिनिटांनी, आपल्याला दिसणारे गप्पांचे गट मोजा. प्रत्येक गटात किती जण खरोखर बोलत किंवा ऐकत आहेत ते लिहा. नावे लिहू नका. असे सहा वेळा करा. मग आडव्या अक्षावर गटातल्या माणसांची संख्या आणि उभ्या अक्षावर अशा गटांची संख्या घेऊन आलेख काढा. तुमच्या शाळेतही चारनंतर आलेख घसरतो का? खाली बसून डबा खाणाऱ्यांचे गट उभ्याने बोलणाऱ्यांपेक्षा मोठे असतात का? पाचवे माणूस आले की काय होते : वर्तुळ मोठे होते, फुटते, की कोणी बाहेर पडते?

आणि मोजणी करताना कोणी एकटे उभे असलेले दिसले, तर वही मिटून त्याच्याशी बोलायला जा. मोजणी उद्याही करता येईल.